माझी पाच गाणी: थोडं इंडी, थोडं कव्हर आणि आजीचा रेडिओ

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे अडखळे आणि दोन-दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

खडकीहून बोलतोय. मागे मधूनच घरघर ऐकू आली तर ती लोकल आहे, लोणावळ्याची. आमचं घर रुळांपासून लांब नाही, आणि खिडकी लावून घेतली तर या दिवसांत माणूस शिजून निघतो. तेव्हा आज लोकलसकट ऐकून घ्या.

विषय तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. "तू सारखा इंडी इंडी करतोस, एकदा तुझी आवडती गाणी तरी सांग. आणि कव्हरसुद्धा." तर आज पाच गाणी. ती इथे वाजवणार नाही आणि ओळी म्हणूनही दाखवणार नाही. एक तर हक्कांची भानगड आहे, आणि दुसरी भानगड माझ्या आवाजाची. मी नावं सांगतो, तुम्ही शोधून ऐका.

फक्त पाचवं गाणं तुम्हाला कुठे सापडणार नाही. त्या गाण्यापायी मला एका माणसाची माफी मागायची आहे, आणि ते माणूस आता नाही. म्हणून हा भाग मी दोनदा पुढे ढकलला. असो. ओळीने जाऊ.

आधी हे दोन शब्द

इंडी म्हणजे इंडिपेंडंट. आपल्याकडे त्याचा सरळ अर्थ असा की जे गाणं सिनेमाच्या आधाराने जगत नाही ते. २०१० च्या डिसेंबरमध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला एनएच७ वीकेंडरचं पहिलं वर्ष झालं, तेव्हा मी गेलो होतो. माझ्या शेजारी एक काका उभे होते, बहुतेक मुलाला सोडायला आलेले. दर गाण्याला मला विचारायचे, "हे कुठल्या पिक्चरमधलं?" मी सांगायचो, "काका, कुठल्याच नाही." तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी लपवतोय.

गंमत अशी आहे, की मराठी माणसाला हे नवं वाटायलाच नको. गजाननराव वाटवे पुण्याच्या चौकाचौकांत, गणेशोत्सवात, पेटी घेऊन बसायचे आणि कवींच्या कविता स्वतःच्या चालीत गायचे. ना पडदा, ना नायक-नायिका. भावगीत हे आमचं इंडीच होतं, फक्त त्याला कुणी इंडी म्हणत नव्हतं. अगदी अलीकडे २००३ मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं 'आयुष्यावर बोलू काही' सुरू झालं, तेही याच वाटेवरचं. कवी आणि संगीतकार स्वतःच रंगमंचावर, आणि पुढे भरलेलं नाट्यगृह.

आता कव्हर. आमच्या लहानपणी याला 'व्हर्जन' म्हणायचे, आणि तो शब्द थोडा शिवीसारखाच वापरला जायचा. मी सातवीत असताना साठवलेल्या पैशांतून खडकी बाजारातून एक कॅसेट आणली. वर मोठ्या गायकाचं नाव. घरी येऊन लावली तर आवाज भलताच! मग नीट पाहिलं, तर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत खऱ्या गायकाचं नाव. बाबा म्हणाले, "वाचून घ्यायचं असतं रे." विषय संपला.

हे सगळं चालायचं, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तशी वाट होती. नोटीस देऊन, ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता यायचं. कॅसेट स्वस्त झाल्यावर त्या वाटेवर अख्खा धंदा उभा राहिला. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३१ सी आलं आणि नियम कडक झाले. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं, ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षं थांबायचं. वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो टाकून फसवायचं नाही. 'हे कव्हर व्हर्जन आहे' असं स्पष्ट लिहायचं. वर्षाला निदान ५०,००० प्रतींची रॉयल्टी द्यायची. आणि महत्त्वाचं म्हणजे, या कलमाखाली काढलेल्या गाण्यात तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नसलेला फेरफार करायचा नाही.

कायद्याच्या जागी हे बरोबरच आहे. ज्याचं गाणं त्याच्या परवानगीशिवाय त्याची मोडतोड कशाला? पण ऐकणारा म्हणून माझी तक्रार नेमकी उलटी असते. काहीच बदललं नाही, तर मी ते ऐकू कशाला? मूळ आहे ना घरी! मग कव्हर चांगलं कधी म्हणायचं? यावर मला एक उत्तर सापडलंय. ते माझं नाही, कुमार गंधर्वांचं आहे. चौथ्या गाण्यापाशी सांगतो.

पहिलं: बँडवरचं 'ऐ मेरे वतन के लोगो'

इथून सुरुवात, कारण खडकी. आमच्याकडे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं केंद्र आहे. इथली मुलं संगीत पहिल्यांदा रेडिओवर ऐकत नाहीत, लष्कराच्या बँडवर ऐकतात. सकाळी वारा आपल्या बाजूचा असला की सरावाचे सूर घरात यायचे, आणि आम्ही दात घासता घासता तालावर पावलं टाकायचो.

हे गाणं आपण देशभक्तीच्या फायलीत टाकून दिलंय, म्हणून त्याचा जन्म विसरतो. ते सिनेमातलं नाही. कवी प्रदीप यांनी लिहिलं, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चाल दिली, आणि जानेवारी १९६३ मध्ये चीनच्या युद्धानंतर लताबाईंनी ते दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायलं. २०२२ पासून ते दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये 'अबाइड विथ मी'च्या जागी वाजायला लागलं. त्यावरून तेव्हा बरीच वादावादी झाली, त्यात मी पडत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. बँडवर हे गाणं येतं तेव्हा शब्द गळून पडलेले असतात. लताबाई नाहीत, कविता नाही. उरते नुसती चाल, आणि ती वाजवणारे लोक असे की ज्यांच्या रेजिमेंटची नावं त्या गाण्यामागे उभी आहेत. जवळच किरकीचं युद्ध स्मशान आहे, रांगेत पांढरे दगड. तिथून चालत येताना एकदा लांबून ही चाल कानावर आली होती. मी रडलो वगैरे नाही, पण चाल थांबेपर्यंत रस्ता ओलांडला नाही.

दुसरं: इंडियन ओशनचं 'मा रेवा'

'कंदिसा' हा अल्बम, साल २००० चं. दिल्लीचा बँड. त्यातला बास वाजवणारा राहुल राम हा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी करून आलेला माणूस, आणि परत येऊन नर्मदेच्या आंदोलनात उतरलेला. हे गाणं त्या खोऱ्यातलं, लोकांचं. ते त्याला तिथे मिळालं आणि बँडने ते उचललं.

मी कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर हे ऐकलं. तोवर नर्मदा म्हणजे आमच्यासाठी पेपरातली बातमी. धरणाची उंची, कोर्टाची तारीख. महाराष्ट्रातल्या नंदुरबारकडची गावंही त्यात पाण्याखाली जात होती, पण ती गावं आम्हाला नकाशात दाखवता आली नसती. गाण्यात यातलं काहीच थेट येत नाही. घोषणा नाही, आरोप नाही. नदीची स्तुती आहे, इतकंच. आणि तिच्या नादात तुमचं डोकं हलायला लागतं. मग कधीतरी कळतं, की ज्या नदीची ही आरती चाललीय तिचं आता काय झालंय. तेव्हा डोकं हलायचं थांबतं.

लोकगीताचं कव्हर ही अवघड गोष्ट असते. मूळ गायकाचं नावच नसतं, त्यामुळे दाद मागायला कुणी येत नाही. जबाबदारी सगळी घेणाऱ्यावर. हे लोक ते गाणं उचलून पळाले नाहीत, कुठून आणलं ते सांगत राहिले. मला ते आवडतं.

तिसरं: अग्नीचं 'साधो रे'

आता घरचं. अग्नी हा बँड पुण्यात घडलेला. मोहन गाणारा, कोको गिटारवर. बरेच लोक त्यांना एमटीव्हीच्या कार्यक्रमांच्या शीर्षकगीतांमुळे ओळखतात, पण माझं गाणं हे. शब्द कबीराचे.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. आमच्या घरात कबीर म्हणजे कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांतला कबीर. तंबोरा, शांतता, आणि बाबांचा "बोलू नका रे" असा हात. त्या कबीराला इलेक्ट्रिक गिटार? मी मित्राला म्हटलं, "हे म्हणजे देवळात मोटारसायकल आणल्यासारखं झालं." तो म्हणाला, "अरे, सगळे मरणार आहेत असं सांगणारं गाणं आहे ते. ते हळूच का सांगायचं?"

खरंच की! कबीर काही कुजबुजणारा माणूस नव्हता. त्याच्या काळात तो लोकांना टोचतच असणार. कुमारजींना त्यातला एकांत सापडला, अग्नीला त्यातली चीड सापडली. दोन्ही त्यात आहेतच.

याच कुळातलं अलीकडचं नाव म्हणजे अभंग रिपोस्ट. मुंबईची मुलं, आपल्या संतांचे अभंग गिटार-ड्रमवर गातात. माझी भाची त्यांची भक्त आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात हेडफोनवर अभंगांवर मान डोलवते. तिची आजी, म्हणजे माझी आई, पहिल्यांदा नाक मुरडत होती. मग म्हणाली, "शब्द तरी पाठ होतायत." आमच्या घरात ही फार मोठी पावती आहे.

आणि असं बघा, वारीत प्रत्येक दिंडी तेच अभंग गाते, प्रत्येकीची चाल थोडी वेगळी. तिथे कुणी कुणाला 'ओरिजिनल ऐकलंय का?' असं विचारत नाही. 'कट्यार काळजात घुसली'मध्ये तर, १९६७ चं नाटक, अभिषेकीबुवांनी 'घेई छंद मकरंद' या एकाच पदाला दोन चाली दिल्या. एक प्रसाद सावकारांनी गायली, एक वसंतराव देशपांड्यांनी. शब्द तेच, पण दोन घराणी, दोन स्वभाव. म्हणजे एका नाटकातच मूळही आणि कव्हरही, आणि कुठलं कुठलं ते ज्याचं त्याने ठरवावं.

चौथं: 'मला उमजलेले बालगंधर्व'

हे एक गाणं नाही, कार्यक्रम आहे, साठच्या दशकातला. त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आहेत. कुमार गंधर्व गातात बालगंधर्वांची पदं.

यामागची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बेळगावकडच्या सुळेभावीचा हा मुलगा लहानपणी प्रसिद्ध झाला तो नकलेसाठी. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायचा आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायचा, हरकतीसकट. लोक थक्क व्हायचे. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला. मग क्षयाने गाठलं. देवासला काही वर्षं अंथरुणावर, गाणं बंद. एक फुप्फुस निकामी. त्यातून उठून पुन्हा गायला लागला तो वेगळाच माणूस होता.

आता विचार करा. ज्याला कुणाचीही हुबेहूब नक्कल करता येते, असा माणूस मोठा होऊन महाराष्ट्राच्या सगळ्यात लाडक्या आवाजाची गाणी गायला बसतो. नक्कल करणं त्याला सहज जमलं असतं, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. तो ती करत नाही. शीर्षकातच सांगून टाकतो: मला *उमजलेले*. हेच खरे बालगंधर्व, असा दावा नाही, आणि त्यांच्यापेक्षा बरं गातो असाही नाही. मी ऐकलं, माझ्यात ते असं उतरलं, एवढंच.

कव्हरची याहून नेमकी व्याख्या मी दुसरीकडे कुठेही वाचलेली नाही. तेव्हापासून कुठलंही कव्हर ऐकताना मी मनात एकच प्रश्न विचारतो: याला काय उमजलंय? काहीच उमजलं नसेल तर आवाज कितीही गोड असला तरी ती सातवीतली कॅसेटच.

पाचवं: आजीचं

आता जे टाळत होतो ते.

माझे आजोबा इथल्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १९५५ मध्ये आजी बावीस-तेवीस वर्षांची, नुकतीच खडकीला आलेली. घरात रेडिओ नव्हता. चाळीत एका घरी होता. त्या वर्षी रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला एक नवं गाणं, शुक्रवारी सकाळी पावणेनऊला, आणि तेच पुन्हा शनिवारी, रविवारी. असं वर्षाहून जास्त चाललं, ५६ गाणी. पुरुष माणसं फॅक्टरीत गेलेली असायची. चाळीतल्या बायका पोरं काखेत घेऊन त्या एका खोलीत जमायच्या. शब्द वर्तमानपत्रात छापून यायचे, ते आजी कापून ठेवायची.

म्हणजे तिला शब्द कागदावर मिळाले, पण चाल मिळाली आठवड्यातून तीनदा. पुढचा आठवडा आला की नवं गाणं. जुनी चाल तिला डोक्यात जपायला लागायची, आणि ती जपली गेली भाकऱ्या थापताना, धुणी धुताना. त्यामुळे ती अर्थातच बदलली. तिच्या गाण्यात जात्यावरच्या ओवीची वळणं घुसली होती. कौसल्येच्या तोंडचं एक गाणं तर ती इतकं संथ म्हणायची, की आम्ही नातवंडं ते संपायच्या आत झोपलेलो असायचो. तोच हेतू असावा.

पुढे घरी कॅसेटचा संच आला, बाबूजींच्या आवाजातला. मी तो ऐकून तयार झालेलो. आजी गायला लागली की मी सांगायचो, "आजी, चाल चुकतेय." ती हसायची.

पण एका बाबतीत ती हट्टाला पेटायची. कॅसेटवर कौसल्येचं किंवा सीतेचं गाणं लागलं की म्हणायची, "अरे, हे बाईनं म्हटलं होतं. बाईचं गाणं बाप्यानं कशाला म्हणायचं?" मी म्हणायचो, "आजी, ते बाबूजींचंच आहे. सगळी त्यांनीच गायलीत. तुला आठवत नाहीये."

हे घडत होतं २००५-०६ च्या सुमारास. आणि तेव्हा आजीला खरोखरच विसरायला व्हायला लागलं होतं. दूध तापत ठेवून विसरायची, मला बाबांच्या नावाने हाक मारायची. एकदा तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "अजून काय काय विसरतात?" मी यादी सांगितली. त्या यादीत मी हेही सांगितलं, की गीतरामायण बायकांनी गायलं होतं असं म्हणते. आजी बाजूलाच बसली होती. ती काहीच बोलली नाही. त्यानंतर ती ते वाक्य कधी म्हणाली नाही.

२००९ मध्ये ती गेली.

त्यानंतर काही वर्षांनी एक लेख वाचताना मला मूळ प्रसारणातल्या गायकांची नावं दिसली. ललिता फडके, माणिक वर्मा, मालती पांडे, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे. आकाशवाणीवर गीतरामायण अनेक आवाजांत झालं होतं. स्त्रीपात्रांना स्त्रियांचे आवाज. एकट्या बाबूजींनी सगळी गाणी गायचे कार्यक्रम झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, ते नंतर. घराघरांत पोचलं ते हे नंतरचं रूप, आणि आम्ही त्यालाच मूळ समजत होतो.

म्हणजे खरं तर आमच्या घरात मूळ ऐकलेलं माणूस एकच होतं, आणि तिला मी कव्हरवरून दुरुस्त करत होतो. तिची एक पक्की आठवण मी तिच्या विसरण्याच्या यादीत घातली.

बाबूजींच्या आवाजातलं गीतरामायण मला आजही तितकंच आवडतं, त्यात काही कमी नाही. संगीतकाराने स्वतःच आपलं गाणं पुन्हा गाणं, त्याला त्यात पुन्हा काय उमजलं ते दाखवणं, हे तर थोरच. माझी चूक वेगळी होती. जे आपल्याकडे टेपवर आहे तेवढंच खरं, असं मी धरून चाललो.

वाकडेवाडीला मुंबई रस्त्यावर गदिमांची 'पंचवटी' आहे. खडकीहून शिवाजीनगरला बसने जाताना ती वाटेतच. आजी तिच्यासमोरून जाताना दर वेळी हात जोडायची, आणि मी लाजून दुसरीकडे बघायचो. आता मी जोडतो. गदिमांना एक, आणि तिला एक.

तिचं गाणं रेकॉर्ड केलेलं नाही. तेव्हा माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता, कोऱ्या कॅसेट होत्या, आणि मी त्यावर रेडिओवरची इंग्रजी गाणी भरत होतो. चाल मला अर्धी आठवते. भाची लहान असताना तिला झोपवताना मी ती म्हणायचो, उरलेली अर्धी जुळवून. मला उमजलेली आजी म्हणा हवं तर.

तर ही पाच. तुम्हाला एक काम देतो. तुमच्या घरात कुणी एखादं गाणं 'चुकीच्या' चालीत म्हणत असेल, तर दुरुस्त करायच्या आधी फोनवर भरून घ्या. मग विचारा, कुठे ऐकलं होतं, कुणाकडे ऐकलं होतं. आणि जे सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या. काय सापडलं ते मला नक्की कळवा.

ही बघा, लोकल आली. आता तिच्यावर मात करून बोलण्यात अर्थ नाही. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.